भिंत दिसली पाहिजे

पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ होती, चहाचा दुसरा कप हातात होता, एवढ्यात भाचा आला. वय एकवीस, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पाठीवर सॅक आणि बूट धुळीनं माखलेले. आल्या आल्या त्यानं स्वयंपाकघरात डोकावून मामीकडे पोह्यांची चौकशी केली आणि मग माझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसला. "मामा, एक फोटो दाखवतो. खरं सांगायचं हं, कसा वाटतो ते."

फोटो ताम्हिणी घाटातला होता. पहाटेचं कोवळं ऊन, मागे धूसर डोंगर आणि एका वळणावर त्याचा मित्र मोटारसायकलवर. गाडी इतकी कललेली, की मुलाचा गुडघा आता रस्त्याला टेकतो की काय असं वाटावं. हेल्मेटच्या काचेतून त्याचे डोळेसुद्धा दिसत होते. फोटो चांगला होता, आणि तसं मी सांगितलंही. मामा या नात्यानं नव्हे. गेली पस्तीसेक वर्षं हौसेनं कॅमेरा वापरणारा माणूस या नात्यानं.

मग सहज विचारलं, "या वळणाच्या पुढे काय होतं रे?"

"काही नाही, रस्ताच."

"बाकीचे दाखव की."

हल्लीचे कॅमेरे एका सेकंदात वीस-वीस फोटो काढतात. त्यानं त्या एका वळणाचे सगळे फोटो एकामागून एक सरकवले. मला दाखवलेला होता नववा. दहा, अकरा, बारा सारखेच होते. चौदाव्या फोटोत उजव्या कोपऱ्यात काहीतरी लाल दिसलं. सोळाव्यात ते स्पष्ट झालं: आपली एसटी. वळणावरून समोरून येणारी, प्रवाशांनी भरलेली. झालं काहीच नाही. दोघांमध्ये अंतर होतं, ड्रायव्हर जाणता असावा, पोरगाही वेळेत आपल्या बाजूला आला. पण नवव्या आणि चौदाव्या फोटोमध्ये अंतर होतं सेकंदाच्या पाव भागाचं.

"नववाच का निवडलास?"

"त्यात एसटी नव्हती ना, मामा."

तो सरळ मनानं बोलला. पोहे खाऊन निघूनही गेला. त्याचं वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. कारण रस्त्यावर धावणाऱ्या मोटारसायकलींचे फोटो काढणं या गोष्टीचं सगळं मर्म आणि सगळं पाप त्या एका वाक्यात होतं.

बेट आणि बंद रस्ता

हा प्रश्न काही माझ्या भाच्यापासून सुरू झालेला नाही. साध्या रहदारीच्या रस्त्यावर, घरांच्या कुंपणांना घासून मोटारसायकली पळवायच्या आणि कुणीतरी कडेला उभं राहून त्यांचे फोटो काढायचे, हे जगात एका ठिकाणी शंभराहून अधिक वर्षं चाललेलं आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. लांबी सुमारे ५० किलोमीटर, वस्ती ८४ हजारांच्या आसपास. एवढंसं बेट, पण त्याला स्वतःची टिनवाल्ड नावाची प्राचीन संसद आहे आणि स्वतःचे कायदे आहेत.

शर्यत तिथे गेली ती या कायद्यांमुळे. १९०३ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यती घेण्याला तिथे वाव राहिला नाही. बेटाच्या संसदेनं मात्र १९०४ मध्ये कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवायला मुभा दिली. मोटारी आल्या, पाठोपाठ मोटारसायकली आल्या आणि २८ मे १९०७ रोजी पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' झाली. सगळे तिला 'टीटी' म्हणतात. त्या दिवशी मॅचलेस गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला, त्याचा सरासरी वेग होता ताशी सुमारे ६१ किलोमीटर. जोड-सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर रेम फाउलर जिंकला. ज्या नॉर्टनचं नाव आपल्याकडच्या जुन्या फटफटीवाल्यांनी भक्तिभावानं घेतलं, ती कंपनी २०२० मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसनं विकत घेतली, हा काळाचा गमतीदार फेरा.

१९११ पासून शर्यत मोठ्या मार्गावर गेली. हा मार्ग डग्लस या राजधानीतून निघतो, खेड्यांमधून आणि शेतांमधून जातो, रॅम्झी गावाहून स्नेफेल डोंगराच्या अंगावर चढतो आणि पुन्हा डग्लसला उतरतो. एक फेरी साठ किलोमीटरांहून थोडी जास्त आणि वळणं दोनशेच्या वर. २०२३ मध्ये पीटर हिकमननं ही फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदांत पुरी केली. सरासरी ताशी जवळजवळ २१९ किलोमीटर. आणि हा वेग गावांमधून, चर्चच्या भिंतीजवळून, दिव्याच्या खांबांमधून, लोकांच्या अंगणांसमोरून.

इथे सगळे स्वार एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेक जण निघतो आणि घड्याळाशी झुंजतो. त्यामुळे ट्रॅकवरच्या शर्यतीत दिसतो तसा गाड्यांचा घोळका सहसा दिसत नाही. फोटोग्राफरच्या चौकटीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो आणि रस्ता.

एकदा निवडलेली जागा

समजा, तुम्ही कॅमेरा घेऊन त्या बेटावर गेला आहात. पहिला प्रश्न भिंगाचा नव्हे, जागेचा असतो. एकदा रस्ता बंद झाला की तो बंद. पलीकडे जाता येत नाही, चार पावलं रस्त्यावरून चालता येत नाही. सकाळी जी जागा निवडली, तिथेच शर्यत संपेपर्यंत उभं राहायचं. काही जागा सर्वांनाच मनाई असलेल्या; उरलेल्यांत मार्शल सांगेल तिथे आणि तेवढंच. हे मार्शल म्हणजे स्वयंसेवक. शेकड्यांनी लागतात, ते पुरेसे हजर नसले तर शर्यतच सुरू होत नाही.

ब्रे हिल निवडलीत तर दोन्ही बाजूंना घरं असलेला शहरातला उतार मिळेल. गाडी वरून कोसळल्यासारखी येते, तळाशी दबते आणि पुढच्या चढावर तिचं पुढचं चाक उचललं जातं. त्या चढाला इटलीच्या जाकोमो अगोस्तिनीच्या नावावरून 'एगोज लीप' म्हणतात. कर्क मायकेल निवडलंत तर खेड्याची अरुंद पेठ. घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडणारे. एरवी माणूस दूध आणायला निघतो त्या उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावरून ही वादळं जातात. बॅलॉ निवडलंत तर ओढ्यावरचा कमानीसारखा उंचवट्याचा पूल. तिथे स्वार वेग पुष्कळ कमी करतो, तरी दोन्ही चाकं जमीन सोडतात. फोटोग्राफरांची ही लाडकी जागा, कारण गाडी हवेत आहे हे सांगायला कसलीच युक्ती लागत नाही. याच पुलावर १९३९ मध्ये सरावात बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल पडला आणि प्राणाला मुकला.

डोंगरावर गेलात तर निराळंच जग. झाड नाही, घर नाही. नुसतं गवत, तारेची कुंपणं आणि वारा. बेटाचा लोककथांतला समुद्रदेव मॅनॅनन आपली शाल पांघरून बेट लपवतो, असं तिथे म्हणतात. ही शाल म्हणजे धुकं. ते उतरलं की शर्यत थांबते, कारण जखमींना उचलणारं हेलिकॉप्टर उडू शकत नाही. फोटोग्राफर मग थर्मासमधला चहा पीत तासन् तास बसून राहतो.

सीनियर टीटी पूर्ण झाली तर सहा फेऱ्यांची असते. म्हणजे तुम्ही निवडलेल्या जागेवरून प्रत्येक स्वार सहा वेळा जाणार. सहा संधी, आणि दोन संधींच्या मध्ये सोळा-सतरा मिनिटं. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो असत आणि दर दहा सेकंदांनी एक स्वार. रोल नेमका केव्हा संपवायचा, म्हणजे आपला माणूस येण्याआधी नवा भरून होईल, याचं गणित मांडणारा फोटोग्राफर पंचांग पाहणाऱ्या गुरुजींसारखा गंभीर दिसत असणार.

आणि डोळ्यांइतकंच काम कानांचं. गाडी दिसण्याच्या आधी ऐकू येते. दूरच्या झाडांमागून आवाज उठतो, गिअर उतरल्याचं कळतं, आणि जाणता माणूस त्यावरून बोट शटरवर ठेवतो. २००९ मध्ये याच रस्त्यावर पहिल्यांदा विजेच्या मोटारसायकलींची शर्यत झाली. तीत जिंकली 'अग्नी' नावाची गाडी. नाव वाचून आपले कान टवकारले तर ते योग्यच, कारण तिच्यामागच्या कंपनीचा भारताशी संबंध होता. स्वार होता ब्रिटनचा रॉब बार्बर, सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर. पण कानांवर विसंबणाऱ्या माणसाची त्या दिवशी काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पना करावी.

वेग दिसावा कसा?

आता कॅमेऱ्याकडे वळू. ताशी २८८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८० मीटर. सल्बीच्या सरळ पट्ट्यावर याहूनही जास्त वेग असतो. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असं धरलं, तर तेवढ्यात गाडी पंचवीस मीटरहून पुढे गेलेली असते. म्हणजे 'दिसली की दाबू' असं म्हणणाऱ्याच्या हाती रिकामा रस्ताच लागतो.

जुने लोक काय करत? रस्त्यावरची एखादी खूण हेरून ठेवत. गटाराचं झाकण, डांबराचं ठिगळ, पांढऱ्या पट्ट्याचं टोक. तिथे आधीच फोकस लावायचा आणि गाडी त्या खुणेवर यायच्या किंचित आधी शटर दाबायचं. आपोआप फोकस करणारे कॅमेरे १९८५ नंतर पसरले, डिजिटल कॅमेरे त्यानंतर दशक-दीड दशकानं आले. काम सोपं झालं, पण एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ती अशी, की वेग थांबवला तर वेग दिसत नाही.

शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर त्या वेळात गाडी आठच सेंटिमीटर सरकते. त्यातच कॅमेराही तिच्याबरोबर फिरत असला तर सगळं लख्ख येतं: चाकाच्या आऱ्या, स्टिकरवरची अक्षरं, सगळं. आणि फोटो पाहणाऱ्याला वाटतं, गाडी स्टँडवर लावली आहे. म्हणून कसबी माणूस उलट करतो. शटर संथ ठेवतो, सेकंदाचा साठावा किंवा सव्वाशेवा भाग, आणि कमरेपासून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवतो. याला पॅनिंग म्हणतात. जमलं तर स्वार स्थिर आणि जग वाहून गेलेलं. नाही जमलं तर सगळंच वाहून गेलेलं.

मी हे शिकलो ते बोरघाटात. विद्यार्थिदशेत मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहायला जात असे. घाटाच्या चढावर जो पहिला येईल तो 'घाटाचा राजा'. हाती उसना झेनिट कॅमेरा आणि ओरवोचा कृष्णधवल रोल. चढावर सायकलवाला तो किती वेगानं येणार! तरी माझे पहिले दोन रोल वाया गेले. एका फोटोत तर फक्त मागचं चाक आणि पलीकडचा भेळवाला, तोही हललेला. वडिलांनी रोलच्या खर्चाचा हिशेब विचारला तेव्हा तोच फोटो पुढे केला होता. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भेळवाला ओळखू येतो." तिसऱ्या वर्षी कुठे एक स्वार नीट आला. त्याच्या मानेवरची ताणलेली शीर दिसत होती आणि मागचा कातळ नुसत्या रेघा होऊन गेला होता.

चुकूनही काही वेळा सत्य हाती लागतं. १९१२-१३ च्या सुमारास झाक आंरी लार्टिग या तरुण फ्रेंच माणसानं मोटारींच्या शर्यतीत एक फोटो काढला. तोही गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण हात गाडीपेक्षा संथ पडला. त्या काळच्या शटरमधली फट काचेवरून हळूहळू सरकत असे; चित्राचा एक भाग आधी उमटे, दुसरा नंतर. परिणाम असा झाला की मोटारीचं चाक पुढे कललेल्या अंड्यासारखं आलं आणि कडेचे प्रेक्षक मागे रेलल्यासारखे. तंत्राच्या हिशेबानं ही चूक. पण व्यंगचित्रकार वेग दाखवायला तिरपी चाकं काढतो तसंच ते दिसतं, आणि गाडी जणू चौकट फाडून बाहेर पडते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लार्टिगचं काम मांडलं गेलं, तोवर तो सत्तरीच्या घरात पोचला होता.

भिंतीचा फोटो

इथपर्यंत झाली कारागिरी. पण भाच्याच्या नवव्या फोटोतही कारागिरी होतीच. अडचण होती ती पुढची.

लांबचं भिंग, म्हणजे टेलिफोटो, जगाचा एक चतकोर कापून देतं. बाकीचं ते फेकून देतं. मोटारसायकल मोठी दिसते, स्वाराचे डोळे दिसतात, मागचं सगळं मऊ रंगात विरघळतं. ट्रॅकवरच्या शर्यतीत याला हरकत नाही, कारण तिथे फेकून दिलेल्या जागेत वाळूचा पट्टा, मोकळं मैदान आणि घसरणाऱ्याला सामावून घेणारं कुंपण असतं. रस्त्यावरच्या शर्यतीत फेकून दिलेल्या जागेत भिंत असते. दगडी, शे-दीडशे वर्षांची, शेवाळलेली. तिला चिकटून टपालपेटी असते, विजेचा खांब असतो, चर्चचं फाटक असतं. अलीकडे धोक्याच्या जागी हवेच्या किंवा फोमच्या गाद्या लावतात, पूर्वी गवताचे भारे लावत. पण साठ किलोमीटर रस्त्याला दोन्ही बाजूंनी गादी कोण घालणार?

म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीचा फोटो खरा केव्हा? माझ्या मते भिंत दिसते तेव्हा. साधं रुंद भिंग लावून, थोडं मागे सरून काढलेला फोटो पाहावा. त्यात गाडी लहान असते. तिच्यामागे कुणाचं तरी घर असतं, खिडकीत फुलांची कुंडी असते, कुंपणाआड खुर्ची टाकून बसलेल्या आजी असतात, त्यांच्या मांडीवर डबा असतो. आणि या सगळ्यांतून, त्या भिंतीपासून वीतभर अंतरावरून, हेल्मेट खाली घालून एक माणूस चाललेला असतो. हा फोटो पाहणारा आधी 'वा!' म्हणतो आणि लगेच 'अरे बापरे!' म्हणतो. नुसतं 'वा!' म्हणायला लावणारा फोटो अर्धाच बोलतो.

दुसरा अर्धा असा आहे. १९११ मध्ये, मोठ्या मार्गाच्या पहिल्याच वर्षी, सरावात व्हिक्टर सरिज हा तरुण ग्लेन हेलनजवळ गेला. तेव्हापासून या मार्गावर, इथे होणाऱ्या दुसऱ्या शर्यती धरून, अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले. १९४९ चा ५०० सीसीचा जगज्जेता लेस ग्रॅहम १९५३ मध्ये ब्रे हिलच्या पायथ्याशी गेला. १९७२ मध्ये पावसात जिल्बेर्तो पार्लोत्ती डोंगरावर गेला. त्याचा मित्र अगोस्तिनी त्या दिवशी जिंकला, पण पुन्हा त्या बेटावर शर्यतीला उतरला नाही. १९७६ नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जाही गेला. तरी स्वार येतच राहिले. २०२२ च्या शर्यतीतल्या अपघातांनी सहा जणांचा बळी घेतला. त्यांतले दोघं एकाच साइडकारवर होते: बाप आणि लेक.

आणि तरीही त्या बेटावरचे लोक या शर्यतीवर जीव टाकतात, हेही खरं. आयर्लंडचा जोई डनलप तिथे २६ वेळा जिंकला. २००० मध्ये एस्टोनियातल्या एका रस्त्यावरच्या शर्यतीत तो गेला. डोंगरावर बंगलो नावाच्या जागी त्याचा पुतळा आहे, गाडीवर बसलेला, रस्त्याकडे पाहणारा. त्याचा विक्रम २०२४ मध्ये मोडला तो त्याच्याच पुतण्यानं, मायकेल डनलपनं. मायकेलचे वडील रॉबर्ट आणि भाऊ विल्यम, दोघंही आयर्लंडच्या रस्त्यांवर सरावात गेलेले. हे वेड म्हणावं, श्रद्धा म्हणावी की घराणं? मला ठरवता येत नाही. पण जो फोटोग्राफर त्या घरातल्या माणसाचा फोटो काढतो, त्याच्या चौकटीत भिंत नसेल तर त्यानं काय काढलं?

शटर दाबायचं का?

कधीतरी मग तो क्षण येतो. गाडी यायची त्या रेषेवर येत नाही. कॅमेऱ्याला डोळा लावलेला आहे, बोट बटणावर आहे, आणि समोर जे घडू नये ते घडतं आहे. अशा वेळी विचार करायला सवड नसते. बोट आपलं काम करून जातं. पुढे मात्र सवड असते, आणि खरी परीक्षा तिथे असते.

अपघाताचा फोटो काढणं हे पाप नव्हे. तपासाला त्याचा उपयोग होतो. गाडी कुठे घसरली, कशावर आदळली, पुढच्या वर्षी गादी कुठे लावायची, हे त्यावरून कळू शकतं. पण तो दाखवायचा केव्हा आणि कुणाला? त्या माणसाची आई, बायको, मुलं त्याच बेटावर कुठेतरी कान रेडिओला लावून बसलेली असतात. त्यांना बातमी कळायच्या आत चित्र पोचलं तर? २०२२ मध्ये साइडकारच्या एका अपघातानंतर दोन फ्रेंच जोडीदारांच्या ओळखीत गल्लत झाली. गेलेल्याच्या जागी दुसऱ्याचं नाव जाहीर झालं आणि काही दिवसांनी ते दुरुस्त करावं लागलं. जबाबदार माणसांकडून, सगळी काळजी घेऊन असं होतं. मग कडेला उभ्या असलेल्यानं खिशातल्या फोनवरून क्षणात जगभर पाठवलेल्या चित्राचं काय बोलावं? पूर्वी रोल धुवायला तास-दोन तास लागत. त्या वेळात माणूस शांत होई. आता तो वेळ आपला आपणच काढावा लागतो.

उभे असलेले स्वार

या विषयावर वाचता-पाहताना मला सर्वांत जास्त थांबवलं ते वेगाच्या नव्हे, अगदी स्थिर फोटोंनी. डग्लसमध्ये कीग यांचा स्टुडिओ होता. १९११ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांनी टीटीच्या स्वारांचे फोटो काढले. पुढे त्यांतल्या शेकडो फोटोंची पुस्तकंही निघाली. रीत अगदी साधी: स्वार आणि त्याची गाडी, कॅमेऱ्यासमोर स्तब्ध. कुणी गाडीवर बसलेला, कुणी बाजूला उभा. चामड्याचे कपडे, गळ्यात चष्मा, हातात मोजे. आपल्याकडे लग्नाआधी मुलाचा फोटो काढायला स्टुडिओत नेत, तसाच थोडा अवघडलेला चेहरा.

या फोटोंत वेग नाही, भिंत नाही, धूळ नाही. पण चेहरा आहे. शर्यत सुरू झाली की चेहरा हेल्मेटच्या आड जातो आणि माणसाचा नंबर होतो. या फोटोंत तो अजून माणूस आहे. कुणाचा मुलगा, कुणाचा शेजारी, सोमवारी गॅरेजमध्ये कामाला जाणारा कारागीर. त्यांतले बहुतेक परत आले, म्हातारे झाले. काही आले नाहीत. त्यांच्या घरी पुढे कुठला फोटो भिंतीवर लागला असेल? हवेत उडालेल्या गाडीचा की या अवघडलेल्या चेहऱ्याचा? मला वाटतं, दुसराच.

भाच्याला हे सगळं एकदम सांगितलं असतं तर तो जांभया देत पळाला असता. त्यामुळे मी एवढंच केलं. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याला आइल ऑफ मॅनचे फोटो दाखवले. आधी टेलिफोटोतले, मग भिंत दिसणारे, मग कीग यांचे. आणि एक फरक सांगितला. त्या बेटावर शर्यतीच्या वेळी रस्ता बंद असतो. समोरून काहीही येणार नाही, याची हमी कायदा देतो, शेकडो मार्शल देतात. वर हेलिकॉप्टर तयार असतं. इतकं असूनही माणसं जातात. ताम्हिणीत यातलं काय आहे? तिथे समोरून एसटी येते, दुधाचा टेम्पो येतो, रविवारच्या सहलीला निघालेलं चौघांचं कुटुंब येतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, की बाबांनो, तुम्हाला या शर्यतीत भाग घ्यायचा आहे का?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, त्याला गाडी चालवता येते. खरंच येते."

"येते ना. दिसतंय ते फोटोत. मग जिथे समोरून काही येत नाही तिथे घेऊन जा त्याला." चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला १९९० पासून ट्रॅक आहे, कोइमतूरला आहे, राष्ट्रीय स्पर्धा तिथे होतात. महाराष्ट्रातल्या पोराला त्यासाठी एवढ्या लांब जावं लागतं, ही आपली कमतरता आहे आणि ती मी त्याच्याजवळ कबूल केली. नुसतं 'करू नका' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी 'मग कुठे करू' या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं.

परवा त्याच्याकडून एक फोटो आला. मित्राच्या सोसायटीतलं पार्किंग. मोटारसायकल स्टँडवर. शेजारी तो मुलगा, हेल्मेट काखेत, चेहरा थोडा अवघडलेला. मागे पार्किंगची भिंत, तिच्यावर पाण्याचे ओघळ आणि कुणीतरी खडूनं काढलेले क्रिकेटचे स्टंप. आणि कोपऱ्यात, बोलावलेलं नसताना चौकटीत आलेली, हातात भाजीची पिशवी घेतलेली त्याची आई.

मी आईला कापून टाकू नकोस एवढंच कळवलं. त्याचं उत्तर आलं: "नाही कापणार, मामा. ती म्हणाली, चेन्नईला किती खर्च येतो ते विचारून ठेव."